बुडापासून वाकणारी काठी

आमच्या घरमालकांनी आयुष्यात मासा कधी खाल्ला नाही, कधी धरला नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे धड बघितलाही नाही. बाजारात मासळीची बाजू आली की ते नाकाला रुमाल लावून दुसऱ्या गल्लीने जायचे. घराणं देवीच्या पुजाऱ्यांचं. चातुर्मासात त्या घरात कांदासुद्धा शिरत नसे. आणि हा माणूस चहा झाल्यापासून दिवे लागेपर्यंत मासे धरायच्या काठ्या बनवत बसलेला असायचा.

बाळांनो, मागे फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू पाहिलेला सगळ्यात विचित्र माणूस कोण?" मी म्हणाले, विचार करून सांगते. खरं म्हणजे विचार करायची गरज नव्हती. पण फोनवर तो माणूस मावला नसता, म्हणून लिहिते. क्रमाने लिहायची मला सवय आहे. हे गृहस्थ मात्र मला क्रमाने आठवत नाहीत.

तुमचे आजोबा गेल्यावर आणि कॉलेजातली माझी इंग्रजीची नोकरी संपल्यावर मी वसमतला त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खोल्या बघायला गेले तेव्हा हातात छत्री होती. मालकांनी नमस्कार केला, छत्री मागून घेतली, तिचं टोक उंबऱ्यावर टेकवलं आणि वरून हलकेच दाबलं.

"मधूनच वाकून राहिली," ते म्हणाले. "मधे सांधलेली दिसते. वाऱ्यात उलटली होती का, मॅडम?"

उलटली होती. मी होय म्हणाले. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि किल्ली माझ्या हातात दिली. भाड्याचं, पाण्याचं, दिव्याचं बोलणं नंतर त्यांच्या पत्नीने केलं. तिला सगळी गल्ली काकू म्हणायची, म्हणून मीही काकूच म्हणू लागले, वयाने माझ्याहून लहान असूनही.

नोकरीत असताना ते धरणाच्या कचेरीत नकाशे काढायचे. एकदा कुणी बडे पाहुणे तिथे गळ टाकायला आले. भारी परदेशी रॉड. मोठा मासा लागला, सगळे ओरडले, आणि रॉड मधूनच कडाडून मोडला. "मासा गेला म्हणून समदे हळहळून राहिले," ते सांगायचे. "मी म्हटलं, अरे, काठी काहून मोडली ते कुणी इचारंना!" त्यांनी ते तुकडे उचलून घरी आणले. तिथून हे सुरू झालं.

रॉड म्हणजे मूठ, कड्या, दोऱ्याची चकरी असं सगळं बसवलेली काठी. ते काहीच बसवायच्या आधीची जी नुसती, टोकाकडे निमुळती होत जाणारी पोकळ दांडी, तिला ब्लँक म्हणतात. त्यांचा सगळा जीव त्या नुसत्या दांडीत. मूठ बसवायचं काम ते कुणालाही देत. "मूठ काय, कुणीबी बसवतं. पोरगी बघायची का तिचा शालू?"

"स्वतःच्या लग्नात पोरगी बघितली न्हाई," आतून काकूंचा आवाज यायचा. "आता दांड्या बघून राहिले."

मागच्या अंगणात त्यांची पत्र्याची खोली होती. दांडीचं बूड भिंतीतल्या पकडीत आवळायचं, टोकाला जुनी पितळी वजनं बांधायची, दांडी जशी वाकेल तशी तिच्या मागे भिंतीवर गेरूने रेघ ओढायची. सगळी भिंत त्या रेघांनी भरली होती. कुणी रांगोळी काढायला बसावं आणि नुसत्या कमानीच काढत सुटावं, तशी. काही कमानी टोकाशी एकदम खाली आलेल्या, काही मध्यावर, काही थेट बुडापासून गोल. कुठल्याही रेघेवर बोट ठेवलं की ती दांडी कुणाला दिली आणि तिचं पुढे काय झालं, हे ते सांगू शकत.

इंग्रजीमुळे मी त्यांच्या कामाला आले. फोनवर कुठून कुठून मजकूर मिळवून ते जिना चढून वर यायचे. एकदा विचारलं, "मॅडम, हे स्टिफनेस आणि स्ट्रेंथ. दोन्हीला ताकदच म्हणायचं का?"

मी म्हणाले, स्टिफनेस म्हणजे ताठपणा, स्ट्रेंथ म्हणजे मजबुती.

ते उठले. मग खाली गेले आणि दोन पापड घेऊन आले, एक भाजलेला, एक कच्चा. भाजलेला वाकवला, त्याचा चुरा माझ्या टेबलावर. कच्चा वाकवला, तो दुमडला आणि परत उलगडला. "म्हणजे ताठ तो मजबूतच असं न्हाई," ते म्हणाले. "बराबर?" मी म्हणाले, बराबर. त्यांना एवढा आनंद झाला की खाली जाऊन त्यांनी जेवणासाठी भाजून ठेवलेले सगळे पापड एकेक करून मोडून बघितले. त्या दिवशी त्यांच्या जेवणात पापडाचा चुरा होता आणि काकू जे काही बोलल्या ते मला वरपर्यंत ऐकू आलं.

दांड्या दोन जातींच्या: फायबरच्या आणि कार्बनच्या. हा फरक मला त्यांनी नातेवाईकांवरून समजावला. "कार्बन म्हणजे तालेवार जावई. अंगानं हलका, मानेत ताठ, वाकवला की लगेच सरळ. पण आडवा शब्द लागला की तडकतो. फायबर म्हणजे थोरली सून. जड, मऊ, सावकाश. कितीबी वाकवा, मोडत न्हाई."

"थोरली सून मीच आहे," आतून आवाज. "ऐकून राहिले मी."

"मग खोटं आहे का?"

"जड म्हटलेलं ऐकलं मी."

आणि माल एकच असला तरी दांडी एकसारखी होत नाही, हे त्यांचं दुसरं सांगणं. आतली पोकळी किती, पोकळीभोवतीच्या भिंतीची जाडी किती, दांडी पटकन निमुळती होते की हळूहळू, यावर ती कुठून वाकणार ते ठरतं. टोकातून वाकणारी चपळ, बुडातून वाकणारी शांत. हे डोक्यात इतकं मुरलं होतं की देवळात दर्शनाला आलेल्या माणसांच्या नमस्काराकडेही ते असंच बघायचे. नुसती मान हलवणारा आला की माझ्या कानाशी पुटपुटत, "टोकातून." साष्टांग घालणारा म्हातारा दिसला की डोळे मिटून, "बुडापासून. वा!"

आखाडा बाळापूरच्या बाजारात मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. पुन्हा गेले नाही. केरसुण्या, वेताच्या छड्या, उसाची कांडी, जे लांब दिसेल ते ते हातात धरून हलवून बघत. भाजीवालीच्या पुढ्यात शेवग्याच्या शेंगा होत्या. एक एक उचलून ते वाकवू लागले.

"काका, घेता का मोडता?" तिने विचारलं.

"वाक बघून राहिलो, बाई."

"माझ्या सासूला घेऊन येते. तिचा बघा वाक. जन्मात वाकली न्हाई."

बाजार हसला. ते हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "न वाकणारी काठी म्हणजे पहार. तिनं फक्त खड्डे खणता येतात." भाजीवालीने शेंगा त्यांच्या पिशवीत घातल्या आणि वर कोथिंबीर दिली.

दांडी तयार झाली की ती पाण्यावर नेऊन बघायचं काम रामजीचं. रामजी धरणाच्या कडेच्या तांड्यावरचा शेतकरी, मोठा हौशी आणि तोंडाचा फटकळ. मोटारसायकलवर दांडी आडवी बांधून घेऊन जायचा आणि निकाल घेऊन यायचा. मालक त्याला ओट्यावर बसवून खोदून खोदून विचारायचे. मासा कोणता, किती मोठा, यातलं काही नाही, फक्त दांडी कुठून वाकली.

एक फायबरची दांडी रामजीने परत आणून टाकली होती. तिच्या पोकळीची भिंत फार पातळ झाली होती आणि ती मुठीपासूनच लवायची. "काका, ही काठी मासा वढत न्हाई," रामजी म्हणाला, "माशासंगं जाती. मला वाटलं मासा मलाच घरी घेऊन जातो." मालकांनी खाली मान घातली. ती दांडी खोलीच्या कोपऱ्यात गेली. तिची रेघ त्यांनी भिंतीवरून पुसून टाकली. पुसलेली मी पाहिलेली ती एकच.

आता काकूंच्या हाताबद्दल सांगते, कारण हा माणूस मला खरा कळला तो त्या वर्षी.

आषाढात काकू न्हाणीघरात घसरल्या आणि उजव्या खांद्याजवळचं हाड तडकलं. हात झोळीत अडकवला गेला. झोळी निघाली तेव्हा हाड जुळलं होतं, पण खांदा आखडला होता. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, रोज हलवला तर सुटेल, नाहीतर असाच राहील. भिंतीसमोर उभं राहून भिंतीवर बोटं चालवत वर वर न्यायची, असा व्यायाम दिला.

काकूंनी तो एकदा केला. डोळ्यांत पाणी आलं. "मी काय पाल आहे का भिंतीवर चढायला?" म्हणाल्या आणि त्यानंतर सगळं डाव्या हाताने करू लागल्या. भाकरी मोलकरीण थापू लागली. काकू भित्र्या नव्हत्या. पण ती कळ एकदा बसली की दिवसभर खांद्यात राहायची, आणि तिची वाट बघत भिंतीसमोर उभं राहायचं त्यांना जमेना.

प्रश्न भाकरीचा नव्हता. नवरात्र येत होतं. घराण्याच्या देवळात अष्टमीला देवीचा मळवट, म्हणजे कपाळभर कुंकू, पुजारी भरत नाहीत. घराण्यातली थोरली बाई भरते, आणि उजव्याच हाताने. मूर्ती उंच, तिच्याखालचा चौथरा उंच. हात डोक्याच्या वर न्यावा लागतो. तो मान काकूंकडे सासूकडून आला होता. एकदा दुसऱ्या बाईने मळवट भरला की मान तिचा होतो, परत येत नाही. अशी तिथली रीत.

धाकटी जाऊ बघायला आली आणि जाताना म्हणाली, "ताई, यंदा मी भरते की. तुमी नुसतं ताट धरा. डाव्या हातानं चालंल ताट धरलेलं."

काकू हसून "बघू" म्हणाल्या. जाऊ गेल्यावर त्या बराच वेळ ओट्यावर बसून राहिल्या. मी वरून पाहिलं. मालकांनीही खोलीच्या दारातून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून खोलीचं दार बंद. आत काहीतरी घासल्याचा आवाज. मग एका सकाळी ते बाहेर आले, हातात कार्बनची दांडी. काळी, चकचकीत, काडीसारखी हलकी, मूठ कापडाने मढवलेली. त्यांनी केलेल्या सगळ्यांत उत्तम. ती त्यांनी काकूंच्या पुढे धरली.

"हे काय?"

"कमजोर हाताला हलकं पाहिजे. वजनच न्हाई हिला. नुसती हलवा. भिंतीसमोर उभं राहू नका. हात आपोआप सुटंल."

काकूंनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, मग दांडी उजव्या हातात घेतली आणि हलवली. किंचाळल्याच. दांडी हातातून उडाली, उंबऱ्यावर आडवी आपटली आणि टक्कन आवाज झाला. मधोमध चीर.

"मला काय कोळीण करता का आता?" काकू रडत रडत ओरडल्या. "देवीचा हात तो! देवीचा हात मोडून बसला आणि तुमी माझ्या हातात मासे मारायची काठी देता?"

मालक खाली वाकले. दांडी उचलून आत गेले. मी खाली उतरले, काकूंजवळ बसले. थोड्या वेळाने खोलीत डोकावले तेव्हा ते चीर पडलेल्या दांडीकडे बघतच नव्हते. स्वतःचा उजवा हात लांब करून, दुसऱ्या एका दांडीने हवेत फटकारे मारत होते आणि डावा तळवा खांद्यावर ठेवला होता.

"मॅडम, चुकलं," ते म्हणाले. "मी माशाचं वजन धरून दांडी करून राहिलो जन्मभर. हिच्यासाठी केली तेव्हा नुसतं दांडीचं वजन धरलं. हलकी आहे खरी, पण ताठ आहे. झटका खात न्हाई. समदा झटका खांद्यात नेऊन टाकते. हिचा हात हिशेबात धरायचा राहिलाच."

मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

रामजीने परत आणलेली ती लुळी फायबरची दांडी त्यांनी बाहेर काढली, आखूड केली, टोकाला जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. काकूंना मात्र दिली नाही. अंगणात मूग वाळत घातले होते, त्यांच्याजवळ काकूंची खुर्ची असायची. त्या खुर्चीला, उजव्या बाजूला, ती दांडी टेकवून ठेवली आणि आत निघून गेले.

शेजाऱ्यांची एक चोरटी शेळी होती. त्या दुपारी ती अंगणात आली आणि मुगावर तोंड टाकलं. काकू फोनवर बहिणीशी बोलत होत्या, फोन डाव्या हातात. "हाड, हाड!" शेळी ऐकेना. काकूंनी उजव्या हाताने दांडी उचलली आणि आडवी फिरवली. दांडी मुठीपासून सावकाश लवली, मागे राहिली, मग सगळीच्या सगळी पुढे आली आणि पट्टी शेळीच्या पाठीवर फटकन बसली. शेळी पळाली. काकू फोनवर पुढे बोलू लागल्या. किंचाळल्या नाहीत.

मी गॅलरीतून टाळी वाजवणार होते. खोलीच्या दाराच्या फटीतून मालकांचा हात बाहेर आला आणि मला गप्प राहायची खूण करून परत आत गेला.

पुढचे दिवस ती शेळी रोज यायची. कशी येते मला कळेना, कारण शेजारची बाई तिला दाव्याने बांधायची. मग एकदा सकाळी दूध घ्यायला निघाले तर मालक शेजाऱ्यांच्या कुडाशी वाकलेले. दावं सोडत होते.

"मॅडम, कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "तिच्या मालकिणीला माहीत आहे. मूग माझेच आहेत, शेळीला तकलीफ न्हाई."

नंतर त्यांनी काय केलं बघा. ऊन चांगलं लागतं म्हणून मूग अंगणातून ओट्यावर आणले. तिथे शेळी नाही, चिमण्या. चिमण्यांसाठी दांडी थोडी वर न्यावी लागते. मग ओल येते म्हणून मूग ओट्यावरून न्हाणीघराच्या बुटक्या पत्र्यावर गेले. तिथे साळुंक्या आणि कावळे. काकू खाली उभ्या राहून वर फटकारे मारू लागल्या. कुरकुरत होत्या, "एवढं कोरडं ठणठणीत झालं तरी मूग आत भरायचं नाव न्हाई!" पण मारत होत्या. दांडी इतकी मऊ की झटका तिच्याच पोटात जिरायचा, खांद्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचा नुसता ताण व्हायचा. ताण सोसतो. रात्री त्या दांडीचं टोक थोडं कापून किंवा पट्टीवर थोडं कापड जास्त बांधून मालक ती परत जागेवर ठेवायचे. रामजी आला तेव्हा बघतच राहिला.

"काका, ह्या काठीनं काकू कावळे धरतात का?"

"गप बस," मालक म्हणाले. "वाक बघ."

रामजीने बघितलं. मग पहिल्यांदाच काही टोमणा न मारता चहा पिऊन निघून गेला.

अष्टमीच्या आदल्या दिवशी मी काकूंना विचारलं, हात कुठवर जातो? त्या म्हणाल्या, "मला माहीत न्हाई. कावळ्यापर्यंत जातो. देवीपर्यंत जातो का ते बघितलं न्हाई मी. भीती वाटते."

अष्टमीला देऊळ भरलेलं. काकू हिरव्या लुगड्यात, कुंकवाचं ताट धरायला धाकटी जाऊ शेजारी. तिच्या अंगावरही ठेवणीतलं लुगडं होतं. ती तयारीने आली होती. काकूंनी बोटं कालवलेल्या कुंकवात बुडवली आणि हात वर नेला. छाती, हनुवटी, नाक. देवीच्या नाकाशी हात थांबला. कुंकू मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. जाऊ हळूच म्हणाली, "ताई, ऱ्हाऊ द्या. मी करते."

काकूंनी ऐकलं न ऐकलं केलं. आधी त्यांचे गुडघे थोडे वाकले. मग टाचा उचलल्या गेल्या, पाठ मागे लवली, आणि सगळं अंग पायापासून वर गेलं, शेवटी हात. बोटं देवीच्या कपाळाला लागली. मळवट एका बाजूने वर चढलेला आणि भुवईवर उतरलेला असा वेडावाकडा भरला गेला, पण या कानापासून त्या कानापर्यंत पूर्ण भरला गेला. जाऊने ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांत आधी तीच काकूंच्या पाया पडली.

मी मालकांना शोधलं. खांबाशी उभे होते. देवीकडे नव्हते बघत. ओठ हलत होते. मला वाटलं मंत्र म्हणताहेत. जवळ गेले तर मंत्र नव्हता. "बुडापासून," एवढंच म्हणत होते, आणि चष्मा काढून हातात धरला होता.

संध्याकाळी त्यांनी मला खालीच जेवायला बोलावलं. वाढणारी मोलकरीण होती, पण पुरणपोळीवर तूप काकूंनी वाढलं, उजव्या हाताने, सगळ्यांना. मालक मान खाली घालून जेवत होते. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. शेवटी काकूच म्हणाल्या,

"शेळी तुमी सोडत होता ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

मालकांचा घास हातातच राहिला. "मग बोलला काहून न्हाई?"

"बोलले असते तर तुमी शेळी आणायची बंद केली असती." काकूंनी त्यांच्या पोळीवर आणखी थोडं तूप ओतलं. "आणि ती काठी. आता लई मऊ वाटून राहिली मला. हात जातो पुढं आणि ती मागं ऱ्हाते. जरा ताठ करा."

मालक उठलेच. ताट अर्धं होतं, हात खरकटा होता.

"अहो, जेवून तर घ्या आधी!" काकू म्हणाल्या.

ते मागच्या दारापर्यंत पोचले होते. तिथून वळून त्यांनी विचारलं, "किती ताठ?"